फुकटचे ५०० वॉट की विकतचे ४५०?

प्रश्न: ताई, मी पहिल्यांदाच स्वतः संगणक जुळवतोय. रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड घेऊन झालंय. १६ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी, शिवाय जुन्या संगणकातली हार्ड डिस्क लावणार आहे, तिच्यात घरच्यांचे सगळे फोटो आहेत. पैसे जवळजवळ संपलेत. जे कॅबिनेट बघितलंय त्याच्याबरोबर संगणकाला वीज पुरवणारा ५०० वॉटचा एसएमपीएस फुकट मिळतोय. त्याला ग्राफिक्स कार्डची ८ पिनांची वायर नाही, पण दुकानदार म्हणतो कन्व्हर्टर लावला की चालेल. एक मित्र म्हणतो ४५० वॉटचा ब्रॉन्झ शिक्क्याचा एसएमपीएस घे. दुसरा म्हणतो ७५० च्या खाली उतरूच नकोस, पण मग वीजबिल वाढेल ना? आणि ५०० फुकट मिळत असताना ४५० विकत का घ्यायचा? फुकटचा नाहीच लावला, तर तो घरातल्या जुन्या संगणकाला लावू का? त्याच्या लेबलचा फोटो सोबत पाठवतोय.

उत्तर: लेबलचा फोटो पाठवलास हे फार चांगलं केलंस, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या फोटोतच आहे. कॅबिनेटबरोबरचा एसएमपीएस लावू नकोस, आणि कन्व्हर्टर जोडून तर मुळीच नको. हे आधीच सांगते, म्हणजे बाकीचं वाचायच्या आधी खरेदीला निघालास तरी निदान एवढं तुझ्या डोक्यात असेल.

आता लेबल बघ. वर मोठ्या आकड्यात ५०० वॉट छापलंय, पण खरी माहिती खालच्या बारीक चौकटीत आहे. ३.३ व्होल्टसमोर १८ अँपिअर, ५ व्होल्टसमोर २०, १२ व्होल्टसमोर १७, उणे १२ समोर अर्धा आणि ५ व्होल्ट स्टँडबायसमोर २. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॉट मिळतात. १२ व्होल्टचे होतात २०४ वॉट, ५ व्होल्टचे १००, ३.३ चे जेमतेम ६०, आणि उरलेल्या दोन ओळींचे मिळून १६. सगळं एकत्र केलं तरी ३८० च्या वर आकडा जात नाही. मग ५०० आले कुठून? ज्या कंपनीचं स्वतःचं लेबल स्वतःच्या बेरजेला उतरत नाही, तिच्या बाकीच्या कुठल्याही दाव्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

त्यातही तुझ्या कामाचे फक्त २०४ वॉट आहेत. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे वीज खाणारे दोन्ही मोठे भाग, जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. पूर्वी प्रोसेसर ५ व्होल्टवर चालायचे तेव्हा ५ आणि ३.३ च्या ओळी भरभक्कम असणं गरजेचं होतं. आता त्या ओळींवर थोडाच भार पडतो. तरीही स्वस्त एसएमपीएसमध्ये ५ व्होल्टचे अँपिअर फुगलेले आणि १२ चे आखडलेले दिसतात, म्हणजे रचना जुनीच आहे आणि लेबल तेवढं नवं चिकटवलंय.

तुझ्या संगणकाची भूक किती? रायझन ५ ५६०० वर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण मूळ सेटिंगमध्ये तो त्याहून जास्त घेऊ शकतो, म्हणून सढळपणे ८८ धर. आरएक्स ६६०० चं अधिकृत मोजमाप १३२ वॉटचं. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, हार्ड डिस्क आणि पंखे मिळून सढळ हाताने ५० धर. एकूण २७०, आणि त्यातले साधारण २४० तरी १२ व्होल्टवर. समोर आहेत २०४, तेही लेबल खरं बोलतंय असं मानलं तर. शिवाय ग्राफिक्स कार्ड एकसारखी वीज घेत नाही. खेळ चालू असताना मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळासाठी त्याची मागणी सरासरीच्या कितीतरी वर उडते. हे झटके इतके वाढले की २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात, ग्राफिक्स कार्डच्या नव्या जोडणीसह येणाऱ्या मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे, अशी अट घालावी लागली. तुझं कार्ड त्या मानाने शांत आहे, पण झटके त्यालाही आहेत.

आता कन्व्हर्टरबद्दल सविस्तर लिहिते, कारण या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच आहे. ग्राफिक्स कार्डच्या ८ पिनांच्या जोडणीतून १५० वॉटपर्यंत वीज जाऊ शकते असं मानक सांगतं. म्हणजे १२ व्होल्टवर साडेबारा अँपिअर, तीन वायरींत वाटून प्रत्येकीत सव्वाचारच्या आसपास. कन्व्हर्टरच्या दुसऱ्या टोकाला जर साटा प्लग, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणारा चपटा प्लग असेल, तर त्याच्यात १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना असतात आणि प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. एकूण साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॉट. ५४ वॉटच्या दाराने १५० वॉट मागू शकणारी जोडणी पुरवायची! मोलेक्सच्या, म्हणजे जुन्या चार पिनांच्या प्लगच्या, जाड पिना जास्त सोसतात, पण त्या प्लगला १२ व्होल्टची पिवळी वायर एकच. कन्व्हर्टरला दोन मोलेक्स टोकं असली तरी स्वस्त एसएमपीएसमध्ये ती दोन्ही बहुतेक वेळा एकाच माळेवर येतात, म्हणजे सगळा प्रवाह पुन्हा त्याच एका वायरीतून.

जळालेला असा प्लग मी दुरुस्तीच्या टेबलावर बघितलाय. पिवळी वायर जिथे प्लगमध्ये शिरते तिथलं पांढरं प्लास्टिक आधी पिवळट आणि मग तपकिरी पडतं. उष्णतेने आतली पिन जराशी पसरते आणि तिची पकड सैल होते. पकड सैल झाली की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता आणखी वाढते, आणि प्रवाह दुप्पट झाला तर त्याच रोधात उष्णता चौपट होते. हे एका दिवसात होत नाही. आठवडेच्या आठवडे संगणक नीट चालतो, आणि म्हणून ‘चालेल’ म्हणणाऱ्याला आपण बरोबर होतो असं वाटत राहतं. शेवटी प्लग काढायला जावं तर तो निघत नाही, कारण दोन्ही बाजूंचं प्लास्टिक एकमेकांत वितळलेलं असतं. एसएमपीएसला ८ पिनांची वायरच दिलेली नाही, याचा अर्थ बनवणाऱ्याने असं कार्ड त्याच्यावर चालवायचा विचारच केला नव्हता. कन्व्हर्टरमुळे फक्त प्लगचा आकार जुळतो. एसएमपीएसची ताकद होती तेवढीच राहते.

४५० की ५०० हा प्रश्न मग उरतच नाही. बऱ्या ४५० वॉटच्या एसएमपीएसचं लेबल बघशील तर १२ व्होल्टसमोर ३५-३६ अँपिअर दिसतील, म्हणजे ४२० ते ४३० वॉट एकट्या १२ व्होल्टवर. तुझ्या फुकटच्या एसएमपीएसच्या दुपटीहून जास्त. एक सावधगिरी सांगते. काही लेबलांवर १२ व्होल्टच्या दोन ओळी असतात. त्यांच्या अँपिअरची सरळ बेरीज करू नकोस. खाली दोन्हींची मिळून कमाल मर्यादा वॉटमध्ये दिलेली असते, तोच आकडा धर.

७५० वाल्या मित्राचं म्हणणं धोक्याचं नाही, फक्त तुला गरज नाही. वीजबिलाची काळजी मात्र सोड. ७५० चा एसएमपीएस भिंतीतून ७५० वॉट ओढत बसत नाही, संगणक मागेल तेवढंच देतो. लेबलवरचे वॉट हे त्याच्या बाहेर देण्याच्या क्षमतेचे. संगणकाने २७० मागितले आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के असली, तर भिंतीतून साधारण ३१८ घेतले जातात आणि मधले ४८ उष्णता होऊन पंख्यातून बाहेर पडतात. तुझं बजेट बघता मी म्हणेन, ५५० चा चांगला एसएमपीएस थोड्याच फरकाने मिळत असेल तर तो घे, पुढेमागे याहून मोठं कार्ड घ्यावंसं वाटलं तर जागा राहील. फरक जास्त असेल तर चांगला ४५० पुरतो. पण ज्या पैशात चांगला ४५० येतो, त्याच पैशात ७५० लिहिलेलं खोकं कोणी पुढे केलं तर तिथून निघून ये.

‘चांगला’ म्हणजे काय, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. वॉट किती हे विचारण्याबरोबरच, काही बिघडलं तर हा काय करेल हे विचारायला शीक. वायरीत शॉर्ट झाला, भार मर्यादेबाहेर गेला, व्होल्टेज चढलं किंवा पडलं, आतलं तापमान वाढलं, या प्रत्येक वेळी चांगला एसएमपीएस स्वतःहून बंद होतो. उत्पादकाच्या माहितीपत्रकात या संरक्षणांची नावं इंग्रजी अक्षरांत असतात: ओव्हीपी (व्होल्टेज चढणं), यूव्हीपी (व्होल्टेज पडणं), ओसीपी (जास्त प्रवाह), ओपीपी (जास्त भार), एससीपी (शॉर्ट), ओटीपी (तापमान). शेवटचं, म्हणजे तापमानाचं संरक्षण, स्वस्तात हमखास गाळतात. पंखा धुळीने अडकला की नेमकं तेच लागतं. व्होल्टेज चढण्याचं संरक्षण तुझ्या दृष्टीने मला सगळ्यात मोलाचं वाटतं, ते त्या हार्ड डिस्कसाठी. मानकाप्रमाणे १२ व्होल्ट हे ११.४ ते १२.६ च्या मधे राहिले पाहिजेत. हार्ड डिस्क १२ आणि ५ व्होल्ट दोन्ही थेट एसएमपीएसकडून घेते, मधे मदरबोर्ड नसतो. संरक्षण नसलेला एसएमपीएस जाताना व्होल्टेज वर उडवून गेला, तर पहिला फटका तिथे बसतो. रॅम नवी आणता येते, घरच्यांचे फोटो आणता येत नाहीत. काहीही जोडायच्या आधी त्या फोटोंची एक प्रत दुसरीकडे काढून ठेव. हे एसएमपीएस कितीही चांगला घेतलास तरी कर.

ब्रॉन्झ शिक्क्याचा अर्थही नीट समजून घे. ८० प्लस ही प्रमाणपत्र योजना २००४ पासून आहे आणि ती मुख्यतः कार्यक्षमता मोजते: २०, ५० आणि १०० टक्के भारावर भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वीज कामी आली. ११५ व्होल्टवर ब्रॉन्झसाठी हे आकडे ८२, ८५ आणि ८२ टक्के आहेत. संरक्षणं आहेत का, तापलेल्या कॅबिनेटमध्ये तो कसा वागतो, व्होल्टेज किती स्थिर राहतं, यातलं काहीही त्या शिक्क्यात नाही. तरी तो उपयोगाचा आहे, कारण अगदी टाकाऊ रचना ८५ टक्क्यांपर्यंत पोचत नाही. अट एवढीच की शिक्का खरा हवा. स्टिकर कोणीही छापतं. ८० प्लसची अधिकृत यादी क्लिअरिझल्ट ही संस्था ठेवते, तिच्यात मॉडेलचं पूर्ण नाव शोध. सायबेनेटिक्स नावाची दुसरी संस्थाही स्वतंत्र चाचण्या करून अहवाल प्रसिद्ध करते. नुसता ब्रँड बघून निर्णय घेऊ नकोस. पुष्कळ नावाजलेले ब्रँड एसएमपीएस स्वतः बनवतच नाहीत, चॅनेल वेल, एफएसपी, ग्रेट वॉल यांच्यासारख्या कारखान्यांकडून बनवून घेतात, आणि एकाच ब्रँडची एक मालिका उत्तम तर दुसरी रडकी असू शकते. ज्यात एसएमपीएस उघडून, पूर्ण भारावर यंत्राने तपासलेला असतो असं परीक्षण शोध, आणि ते तुझ्याच मॉडेलचं आहे ना हे बघ. खोकं उघडून दाखवणारे व्हिडिओ यात मोजू नकोस. वॉरंटीही बोलकी असते. कंपनी स्वतःच एका वर्षापलीकडे जबाबदारी घेत नसेल तर आपण का घ्यावी? ५ वर्षं असेल तर उत्तम, ३ ठीक. हातात वजन घेऊन बघायची जुनी पद्धत मात्र आता सोडून द्यावी, आधुनिक रचना हलक्या असूनही चांगल्या असतात.

जुळण्याचं म्हणशील तर आधी आकार. तुझं कॅबिनेट नेहमीचं असेल तर त्यात एटीएक्स मापाचा, १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ उंच, बसेल. लांबी वेगवेगळी असते, ती कॅबिनेटच्या माहितीपत्रकाशी ताडून बघ. बारक्या कॅबिनेटना एसएफएक्स किंवा टीएफएक्स लागतो. मग वायरी मोज: मदरबोर्डची २४ पिनांची, प्रोसेसरची ४ अधिक ४, ग्राफिक्स कार्डची ६ अधिक २, आणि हार्ड डिस्कसाठी एक साटा. प्रोसेसरची आणि कार्डची, दोन्ही जोडून ८ पिनांच्याच होतात आणि सारख्याच दिसतात, पण त्यांतल्या १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या रांगा एकमेकींच्या उलट असतात. खाचा वेगळ्या असल्यामुळे चुकीचा प्लग सहज आत जात नाही. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांब आणि वायरीवरचं नाव वाच.

वायरी सुट्या होणारा, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस घेतलास, तर त्याच्या खोक्यातल्याच वायरी वापर. जुन्या एसएमपीएसची साटा वायर लांब आहे म्हणून ती नव्याला लावायचा मोह होतो. हार्ड डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर काय हे प्रत्येक कंपनी, कधीकधी एकच कंपनी मॉडेलगणिक, वेगळं ठरवते. प्लग मुकाट्याने आत जातो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पोचतात. अशा डिस्का क्षणात जातात.

मागच्या बाजूला ११५ आणि २३० लिहिलेलं लाल बटण असेल तर ते आपल्या विजेशी जुळतंय का ते सुरू करायच्या आधी बघ. २३० ची वीज आणि बटण ११५ वर असेल तर आतला भाग फुटतो. १०० ते २४० असं छापलेलं असेल तर ही कटकट नाही. पण कुठल्याही परिस्थितीत एसएमपीएस उघडू नकोस, वायर काढून ठेवलेली असली तरी. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० ते ४०० व्होल्ट साठलेले राहू शकतात. आणि सॉकेटला अर्थिंग हवंच. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो. एसएमपीएसच्या आतला फिल्टर आपली गळती अर्थमध्ये सोडतो, अर्थ नसेल तर ती पत्र्यावर येते. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घे, मगच संगणक लाव.

आता पैशांचं. तुझी अडचण खरी आहे, म्हणून कुठे काटकसर करायची तेही सांगते. कॅबिनेट साधं घे, एसएमपीएस नसलेलं. रंगीत दिव्यांचे जादा पंखे सोड, या जोडणीला मागे एक आणि पुढे एक पंखा पुरे. एसएसडी अजून घेतली नसेल तर निम्म्या क्षमतेची घे, साठवायला हार्ड डिस्क आहेच. ग्राफिक्स कार्ड बाजूला ठेवून तूर्त तसाच चालवावा हा पर्याय तुला नाही, कारण ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नसतं, स्क्रीन काळीच राहील. प्रोसेसर अजून बदलून मिळत असेल आणि हात फारच आखडला असेल, तर ५६००जी घेऊन कार्ड परत करून पुढे ढकलता येईल. त्यात ग्राफिक्स आहे. एवढं करूनही एसएमपीएसचे पैसे जमले नाहीत तर महिनाभर थांब. जुळवाजुळव अर्धवट राहिली म्हणून सामान खराब होत नाही. वापरलेला एसएमपीएस तेवढा घेऊ नकोस. वापरलेला प्रोसेसर मी डोळे झाकून घेईन, पण एसएमपीएसमधले कपॅसिटर उष्णतेने झिजतात आणि किती झिजलेत हे बाहेरून दिसत नाही.

राहिला जुना संगणक. त्यात ग्राफिक्स कार्ड नसेल तर तो फार वीज घेत नसणार, आणि फुकटचा एसएमपीएस त्याच्यावर बहुधा चालेलही. तरी लावू नकोस. भार कमी असला म्हणून नसलेली संरक्षणं येत नाहीत, आणि त्या संगणकात आता आहे तो एसएमपीएस नीट चालत असताना तो काढायचं कारणच काय? हार्ड डिस्क काढून झाली की त्या संगणकाचं झाकण लाव आणि बाकी सगळं आहे तसं राहू दे. फुकटचा घ्यावाच लागला, तर त्याची मागची वायर काढून तो थेट ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दे, आणि देताना ‘चालू आहे’ असं सांगू नकोस, नाहीतर तो पुन्हा कोणाच्या तरी कॅबिनेटमध्ये जाऊन बसेल.